सात मिनिटं

पहाटे चारला कुताइसीत
कुत्रीसुद्धा झोपलेली असतात.
मी द्राक्षवेलीच्या काटक्या भट्टीच्या तळाशी पेटवते
आणि त्यांचे निखारे होईस्तोवर
मिठाच्या पोत्यामागून कादंबरी काढते.

आमचा पाव लांबट, होडीसारखा,
दोन्ही टोकांना निमुळता. शोती म्हणतात त्याला.
कमरेत वाकायचं, अर्धं अंग भट्टीत घालायचं,
भिंतीवर थापायचा, आणि जळायच्या आत वर यायचं.
मग सात मिनिटं माझी.

सात मिनिटांत अडीच पानं होतात.
संवाद असले तर चार.
लेखक डोंगराचं वर्णन करायला बसला
की मी पिठाचा हिशोब करून घेते.
डोंगर इथेही आहेत, खिडकीतून दिसतात, फुकट.

खूण म्हणून विजेचं बिल घालते पानांत.
त्यामुळे कथा कुठवर आली
आणि पैसे कधी भरायचे,
दोन्ही एकदमच आठवतं.

झाउरी म्हणतो, पुस्तकांनी पोट भरतं का?
भरत नाही. पोट मी भरते.
तुझं, तुझ्या आईचं आणि अर्ध्या गल्लीचं.
तो मिनीबसची किल्ली शोधत राहतो.
किल्ली त्याच्या खिशातच असते.

वाचनालयातली गुगुली
मी परत केलेलं पुस्तक उलटं धरून झटकते.
'त्सियाला, एवढ्या पिठात एक पाव होईल,' म्हणते,
आणि पुढचं पुस्तक
टेबलाखालून काढून देते, आधीच राखून ठेवलेलं.

गेल्या गुरुवारी चौदा पाव करपले.
त्याचं असं झालं,
बंदरावरच्या त्या बाईनं
अकरा वर्षं बंद असलेली नवऱ्याची पेटी
शेवटी ओढून खोलीच्या मध्यावर आणली होती.
कुलूप गंजलेलं. तिच्या हातात हातोडी.
धूर माझ्या नाकात शिरला तेव्हा
गिऱ्हाइकांची रांग दारापर्यंत आली होती.

रांगेत पहिला ओतिया शिंपी.
काळे पाव बघून त्यानं टोपी काढली.
'कोण गेलं?'
'कुणी नाही. पेटी उघडतेय.'
थोडा वेळ तो काहीच बोलला नाही.
मग म्हणाला, 'दोन करपलेले दे.
आणि पेटीत काय होतं ते उद्या सांग.'

पेटी रिकामी होती.
तळाशी फक्त वाळू, मूठभर.
रात्री भांडी घासून झाल्यावर
ओल्या हातांनीच वाचलं मी ते,
आणि लेखकाला दाद दिली. चांगलं जमलं होतं.

पण ओतियाची बायको सहा वर्षं इटलीत आहे,
कुणा दुसऱ्याच्या म्हातारीला भरवते, न्हाऊ घालते.
तिच्याकडून बसनं खोकी येतात:
साबण, कॉफी, एकदा बूट,
एक माप मोठे.
तो पायमोजे घालून तेच वापरतो.

सकाळी त्यानं विचारलं.
मी म्हटलं, 'कोट होता.
हिवाळ्याचा, तिच्या मापाचा.'
'बटणं?'
'शिंगाची.'
'अस्तर?'
मला अस्तराचं काही सुचेना.
'त्याचं वर्णन नाहीये,' म्हटलं.
शिंप्याला ते फारसं पटलं नाही.

आता पंचाईत अशी
की माझ्याकडे दोन कादंबऱ्या आहेत.
एक पोत्यामागे, छापलेली.
दुसरी ओतियाला रोज दोन पावांबरोबर द्यायची,
आणि तिच्यात त्या बाईला
कोट घालून कुठेतरी जावं तर लागणारच.
कणीक मळताना मी तिला बोटीत बसवते,
उतरवते, पुन्हा बसवते.
मनगटावरचा भाजल्याचा डाग खाजतो.
काल मीठ दोनदा पडलं,
पण कुणी तक्रार केली नाही.

आज पोत्यामागचं पुस्तक संपणार.
बावीस पानं उरलीत,
म्हणजे नऊ घाणे, डोंगर न आल्यास.
बाई खिडकीशी आली आहे,
दिवा खाली ठेवते आहे,
बाहेर कुणीतरी तिच्या नावानं

थांबा. पाव झाले.