अडुसष्टचे शहाऐंशी

गिऱ्हाईक केनोराहून आलं होतं, पाचशे किलोमीटर कापून.
बोनेटखाली डोकावला, टायर चाचपले,
मग फोन माझ्यापुढे धरला:
नोव्हेंबर सतरा, शहाऐंशी हजार चारशे बारा.
जून अठरा, चौऱ्याहत्तर हजार नऊशे पन्नास.
"म्हातारा गाडी उलटी चालवत होता का?"
हसला, अर्धी कॉफी तशीच ठेवून गेला.

बाबांनी एकतीस वर्षं
कागद गिरणीच्या फाटकावर ट्रक तोलले.
भरून आलेला, रिकामा होऊन निघालेला,
दोन्हींतला फरक ते खरं लाकूड.
टपावर बर्फ असेल तर त्याचं वजन वजा.
ड्रायव्हरचा कुत्रा केबिनमध्ये असेल,
तर तो येताना असावा आणि जातानाही.
ह्या एका कुत्र्यावरून त्यांनी
मिको साल्मेलाशी सहा महिने अबोला धरला होता.

आणि आता त्यांच्या नावावर मीटर मागे फिरवल्याचा संशय.
ध चा मा करायला कुणाचं कारस्थान लागलं नव्हतं.
डीलरच्या काउंटरवर, जेवायच्या सुट्टीच्या तोंडावर,
कुणाचं तरी बोट सहाच्या आधी आठवर पडलं,
बस्स.

काउंटरवरचा डेव्हन पेल्टिये चोविशीचा असेल.
नखांत ग्रीस नाही, गळ्यात पट्टा.
"नोंद पुसता येत नाही," म्हणाला,
"खाली एक ओळ जोडता येते: वरचा आकडा चुकीचा.
पण पुरावा लागेल."

पुरावा होता. डॅशबोर्डच्या खणात,
टायर गेज आणि पेपरमिंटच्या डबीशेजारी,
बाबांची वही. प्रत्येक ऑइल बदल पेन्सिलनं,
किलोमीटर, तापमान, वारा कुठून.
सतरा नोव्हेंबर: अडुसष्ट हजार चारशे बारा. उणे नऊ. तळ्यावरून.
मार्चमध्ये कुठे चुकलेलं, तिथे एकच आडवी रेघ,
खालचा आकडा वाचता येईल अशी,
आणि शेजारी आद्याक्षरं, आ. नि.
चूक झाकायची नसते, काट्यावर शिकवायचे ते
नव्या पोरांना. आणि मला.

डेव्हन पानं पुढे उलटत गेला. मी म्हटलं, तेवढं पुरे.
त्याचं बोट मागच्या ऑक्टोबरवर थांबलं.
ऑइल बदललं.
ऑइल बदललं.
ऑइल बदललं.
ऑइल बदललं.
चार दिवस लागोपाठ, मीटर तेच,
वारा चारही दिवस तळ्यावरूनच.
चौथ्या ओळीत पेन्सिल कागदाच्या आरपार गेलेली.

मला ठाऊक नव्हतं.
म्हणजे, किटली जळाली ते ठाऊक होतं,
हात्तीकाकूंना त्यांनी दोनदा वर्गणी दिली तेही.
पण आकडे? आकड्यांना हात लागला नसेल,
असं मी धरून चालले होते.

डेव्हननं वही मागे उलटवली.
सतरा सालचं तेवढं एक पान काचेवर पालथं घातलं,
झाकण दाबलं, हिरवा उजेड सरकून गेला.
वही परत देताना माझ्याकडे पाहिलं नाही.
साहेबिणीची सही आणायला आत गेला,
बराच वेळ आला नाही.

बाहेर बाबा गाडीत बसून होते, पट्टा लावून.
"खोडलं का त्यांनी?"
"नाही. खाली ओळ जोडली."
"मग ठीक." मान हलवली. "दिसायला हवं."
मग वही मागितली, पेन्सिल मागितली,
मीटरवर वाकून सहा आकडे उतरवले,
मी ताडून पाहिले, एकही इकडचा तिकडे नाही.
तारीख विचारली, मी सांगितली.
वर्ष विचारलं नाही.
स्वतःच्या मनानं लिहिलं, दोन हजार सतरा.

पेन्सिल त्यांनी माझ्याकडे दिली.
एक आडवी रेघ, शेजारी आद्याक्षरं,
एवढंच करायचं होतं.
वाऱ्याची जागा रिकामी होती.
"तळ्यावरून," ते म्हणाले, "लिही."
मी लिहिलं, आणि गाडी सुरू केली.