उताणी

खिळ्याला अकरा वर्षं होती ती.
काढली तर माथ्यावर शिंगाएवढं टेंगूळ,
खिळा मात्र जसाच्या तसा.

खडेबाजारात, भांड्यांच्या दोन दुकानांमधल्या फटीत
दस्तगीरमामा हुक्केरी बसतात.
पूर्वी कॅम्पातल्या साहेबांच्या हॅटा यायच्या म्हणे,
आता बॅन्डवाल्यांच्या, नाटकवाल्यांच्या,
आणि चुकून माझ्यासारख्याच्या.
मी फळीवर टेकवली ती, पालथी,
कुणीही ठेवेल तशीच.

"काय करूलालास?" मामा ओरडले,
"काठ म्हणजे काय पाय आहेत होय तिला?
सगळं वजन काठावर. वाकडी नाही होणार?"
उचलली आणि उताणी केली,
माथा खाली, तोंड छपराकडे.
आमच्या घरी लेक परवाच पालथी पडली पहिल्यांदा,
गल्लीत कुंदा वाटला आम्ही.
आणि इथं हा म्हातारा
एका वस्तूला उलट्या दिशेनं वाढवत होता.

किटली ठेवली. वाफ धरली टेंगळावर.
आतून अंगठा हळूहळू, जखम चेपावी तसा.
"पुढच्या चिमटीला धरून उचलायची नाही.
बोटाचं तेल तिथं, आणि फाटणार पण तिथंच.
काठाला धर, दोन्ही हातांनी,
जेवणाचं भरलेलं ताट आणतोस की नाही, तसं.
भिजली, तर चुलीपाशी नको, उन्हात नको.
ही चामड्याची पट्टी बाहेर ओढायची,
पट्टीवर उभी करायची, आणि दोन दिवस विसरायचं.
तेवढ्यापुरती पालथी चालते."

"आत पेपर कोंबून ठेवू का?"
"पांढरा कागद कोंब, हलका. पेपर नको.
मराठी नको, कन्नड पण नको.
शाई दोघांचीबी उठते."
हसले नाहीत. मीही नाही.

"खोक्यात ठेव, पण खोकं मोठं बघ,
काठाला भिंत लागायला नको.
कसर लागू नये म्हणून निपाणीचा तंबाखू,
पान अख्खं, फडक्यात बांधून.
आणि पावसाळ्याचे चार महिने
दर शुक्रवारी झाकण काढ.
आपल्या गावची हवा ठाऊक आहे की तुला,
चप्पल हिरवी होते, ही तर लोकर."

मग पट्टी उलटी केली त्यांनी, पुसायला,
आणि घडी केलेला कागद निघाला,
बोटभर रुंद, घामानं तपकिरी.
लोंढ्याच्या लाकूड डेपोची पावती.
आप्पा मोजणीदार होते तिथं, भावकू मोजणीदार,
ओंडक्याला टेप गुंडाळायचे दिवसभर.
अक्षर त्यांचंच:
साग. लांबी अकरा फूट. घेर चार, दोन इंच.
कुठल्यातरी साहेबानं जाताना विकलेली हॅट,
आप्पांच्या डोक्याला मोठी.
उरलेला घेर त्यांनी
सागाच्या घेरानं भरून काढला होता.

आई म्हणायची, तुझ्या बापाला हॅट अशी बसते
जणू मापानंच शिवलीय.
चाळीस वर्षं ती तसंच म्हणाली.

"फेकू?" मामांनी विचारलं.
मग स्वतःच घडी तशीच घातली,
पट्टीमागं सारली, डावीकडे, जिथं होती तिथं.
ब्रश फिरवला घड्याळाच्या उलट.
तीस रुपये घेतले. मोड नव्हती,
तेव्हा दोन रुपयांचा कापूर दिला.

बसमध्ये, मांडीवर, मी घालून बघितली.
घट्ट. कानांच्या वर अडकली.
कागद काढला की बरोबर बसेल, हे कळत होतं,
शेजारच्या बाईलाही कळलं असावं,
ती माझ्या डोक्याकडे बघत होती खानापूरपर्यंत.

कपाटावर आता मोठं खोकं आहे,
आत ती, उताणी.
बायको विचारते, भीक मागितल्यासारखी काय ठेवलीस?
आज शुक्रवार. झाकण काढलंय.
पोरगी खाली सतरंजीवर
परत पालथी पडली,
आणि मान वर करून शोधतेय
वास कुठून येतो.