दान : एक वाट

बाकीचे सोपाऱ्याहून चार दिवस चालत आलेत,
मी फक्त शेवटचा तुकडा घेतला,
नॅशनल पार्कच्या फाटकापासून कान्हेरीपर्यंत.
यादीत माझ्या नावापुढे शेरा आहे :
उजवा गुडघा, नवीन.

मागून इक्बालभाईचा टेम्पो येतो
पहिल्या गियरमध्ये, लाजल्यासारखा.
त्यात सगळ्यांच्या पिशव्या, ग्लुकोज, खजूर,
दुखण्यावरचा स्प्रे आणि एक घडीची खुर्ची,
जिच्यावर बसायचं नाही असं आम्ही बायकांनी
एकमेकींना न सांगताच ठरवलंय.

पुढे किमया वरठा, आमची वाटाडी.
घर इथलंच, पाड्यावर.
गळ्यात शिट्टी, हातात कागद नाही.
"मावशी, पाय बघू नका, दगड बघा,"
म्हणते, आणि माकडांना तिच्या बोलीत काहीतरी सुनावते.
कुसुंबाखाली सगळ्यांना थांबवून सांगते :
बंदरावर उतरलेली माणसं ह्याच अंगाने डोंगराकडे वळायची,
कुणी भिक्खूंना भेटायला, कुणी पावसाळा काढायला.
"ह्याच अंगाने म्हणजे नक्की कुठून?"
टोपीवाले सर विचारतात.
"नक्की कुणालाच माहीत नाही," ती म्हणते.
तिथेच ती मला आवडली.

डांबर संपतं, टेम्पोही संपतो.
इक्बालभाई काच खाली करून म्हणतो,
"मी इथंच आहे. काय लागलं तर हाक मारा."
एवढ्या आयुष्यात हे वाक्य
मला दोनच माणसांनी म्हटलंय.

पायऱ्या डोंगरातच खोदलेल्या,
मधोमध खोलगट,
विक्रोळीच्या आमच्या उंबऱ्याच्या फरशीसारख्या.
सव्वीस मी मोजल्या,
पुढच्या गुडघ्याने.
किमया हात पुढे करते. मी म्हणते, नको.
चार पायऱ्यांनंतरही हात तिथेच.
धरला.

वर एका टाक्यात पाणी. भर पौषात.
"ह्याला पोढी म्हणायचे," ती सांगते,
"कुणीतरी दान दिलेली. देणाऱ्याचं नाव कोरायचे."
मला आठवले आमच्या नळावरचे हंडे,
त्यांच्यावर पण नावं असायची, ऑइलपेंटने,
पण ती कुणी नेऊ नये म्हणून.

मग एका भिंतीशी ती टॉर्च तिरका धरते.
तिरक्या उजेडात अक्षरं उठून बसतात
झोपमोड झाल्यासारखी.
"कल्याणचा लोहार," ती बोट न लावता वाचते.
"त्याचं दान : वाट."

वाट?

"हो. चालायची वाट. तेवढीच दिली त्याने."

आमच्यात वाट लागते.
लावतात, अडवतात, वाकडी करतात.
बघतात तर किती, रात्रपाळीचं माणूस
घरी येईस्तोवर मीच बघितलीय पंचवीस वर्षं.
पण वाट द्यायची,
आणि ती दिली असं दगडाला सांगून ठेवायचं?

हे वेल्डर होते.
हायवेवरच्या पुलांचे जिने, कठडे, ठेक्यावर.
रात्री डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपायचे.
जिना उभा राहिला की पाटी लागायची,
तिच्यावर नगरसेवक, सौजन्य, तारीख.
एकदा कांजूरला मला मुद्दाम चढवलं,
म्हणाले, "हात फिरव कठड्यावरनं.
कुठे टोचतंय का सांग."
नव्हतं टोचत.
तेवढ्यावर ते घरापर्यंत शीळ घालत आले.

सगळे चैत्यात गेलेत.
"सरणं गच्छामि" आत घुमून
बाहेर येईपर्यंत नुसता घोगरा वारा होतो.
मी जरा मागे,
उताराच्या लोखंडी कठड्यापाशी.
हा आत्ताचा, दोन-चार वर्षांचा असेल.
"मावशी, येताय ना?"
"आले, आले."

सांध्यांवरून बोट फिरवत जाते.
एक, दोन, पाच.
सहाव्यावर टोचतं.
त्यांची कानस अजून आहे घरी,
पिठाच्या डब्यामागे, फडक्यात.
पुढच्या पौषात पिशवीत घालीन.
यादीत लिहायची गरज नाही.