टिंबर मार्केटचा भुसा

भवानी पेठेतून पाषाणला भुसा नेते मी,
पाच किलोची पिशवी, पीएमटीचं मागचं सीट.
कंडक्टर विचारतो, कोंबड्यांसाठी का?
मी हो म्हणते.
लिग्निन समजावायला
विद्यापीठ चौकातला सिग्नलसुद्धा पुरायचा नाही.

भुसा दादांच्या करवतीखालचा.
बत्तीस वर्षं त्याच वखारीत,
उजव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली.

कॉस्टिकमध्ये शिजून त्याचा काळा पाक होतो,
दिसायला काकवी, वासाला नव्हे.
थेंबथेंब आम्ल सोडलं
की झाडाचं जे उभं राहणं होतं
ते तळाशी बसतं,
चहाच्या चोथ्यासारखं.

याला हात फार, घैसास सर सांगतात
फळ्यावर ओएच, ओएच, ओएच लिहीत.
हे हात एकमेकांनाच धरून बसतात,
लग्नात एका कोपऱ्यात घोळका करून बसलेल्या
माहेरच्या माणसांसारखे,
प्लॅस्टिकमध्ये मिसळत नाहीत.
फिल्म ओढली की नेमकी तिथे फाटते.

म्हणून हात झाकायचे.
ॲसेटिक अनहायड्राइड, जरासं पिरिडिन,
रात्रभर ढवळणं.
ओढणीला व्हिनेगरचा वास.
आई म्हणते, कुणाकडे लोणची घालायला जातेस काय?

सकाळी आलेखावर
चौतीसशेजवळची रुंद टेकडी पार बसलेली,
सतराशे चाळिसाला नवा सुळका.
तन्झिलाने पेन्सिलीने
बसलेल्या टेकडीवर लिहिलं: वेताळ.
खरी टेकडी खिडकीत होती.
तिच्याही पोटातून रस्ता न्यायचा म्हणतात.

मग एकशे सत्तर अंशांवर
मक्याच्या प्लॅस्टिकशी ते असं एकजीव झालं
की सूक्ष्मदर्शकालाही सांधा सापडेना.
पिशव्यांच्या कंपनीचे दुधेडिया आले,
फिल्म ताणली, उजेडात धरली.
मजबूत आहे हो. रंग जरा उजळ करता आला तर?

हे वाक्य मी आधी ऐकलंय,
धनकवडीत, पोह्यांच्या बशीपलीकडून.
तेव्हाही गप्पच बसले होते.

तळघरात अठ्ठावन्न अंशांवर सात बरण्या,
हडपसरहून आणलेलं खत,
त्यात जाळीच्या पिशवीत पट्ट्या.
दर आठवड्याला उकर, धू, वाळव, तोल.
तीन महिन्यांत
हात न झाकलेल्या लिग्निनची पट्टी, तीच फाटकी,
चिमटीत चुरली.
आमची देखणी पट्टी
बहुतेक पुरली तशीच निघाली.
वजनकाटा चौथ्या दशांशात घुटमळत राहिला.

झाकलेले हात
प्लॅस्टिकला आवडले.
मातीने काय धरायचं मग?

रविवारी दादांना पट्टी दाखवली.
त्यांनी नाकाशी नेली,
साग आहे म्हणतेस? लाकडाचा मागमूस नाही गं हिच्यात.
तरीही बराच वेळ परत दिली नाही.
तीन बोटांत धरून खिडकीकडे बघत होते,
अंगठा पुन्हापुन्हा त्याच जागी फिरत होता
जिथे रेषा असायला हवी होती.

सोमवारी वहीत लिहिलं:
अनहायड्राइड निम्मं. वेळ चार तास.
काही हात उघडे ठेवणे.
शेजारी ‘कारण’ असा रकाना असतो.
तो कोराच आहे अजून.
पिशवी रिकामी झाली,
उद्या पुन्हा पेठेत जायचंय.