पान बारा-तेरा

ग्रंथपेटी आली तेव्हा तिच्यावर तुरीचा भुसा होता.
जीपवाल्यानं ती दोन पोत्यांच्या मधे दाबून आणलेली.
पुस्तकं चाळीस. पोरं एकोणीस.
मी आधी नोंदवही काढली, शिक्का शोधला.
पोरांनी आधी वास घेतला.

तोवर आमच्याकडे भिंतीवरचा तक्ता तेवढा होता.
अ अननसाचा.
या पहाडावर अननस पाहिलेला एकट्या तौफिकनं,
तोही रसाच्या डब्यावर, आदिलाबादच्या स्टँडवर.
बाकीचे विश्वासानं म्हणायचे, अ अननसाचा,
जसं आपण म्हणतो, समुद्र आहे.

पेटीतल्या पुस्तकांत सगळ्यांची आई
अंबाडा घालून ओट्याशी उभी.
पवन आडेनं बोट ठेवलं : हिची फेटिया कुठाय?
मी म्हणालो, सगळ्याच आया फेटिया नेसत नाहीत.
तो म्हणाला, सगळ्याच साडी बी नेसत नाही. मंग?
त्या 'मंग'पाशी माझा तास संपला.

हापशीवर स्रवंती म्हणते नीळ्ळु,
जंगू म्हणते येर, अय्यू म्हणाली असती ईर.
तहान लागली की तिघांना तिघांचं बरोबर ऐकू येतं.
प्रश्नपत्रिकेत एकच उत्तर, एक गुण.

अय्यू टेकाम दोन महिने वर्गात बोललीच नव्हती.
हजेरीला नुसती मान.
त्या दिवशी तिनं एका पुस्तकाचं अकरावं पान उघडलं
आणि ओरडली,
गुरुजी! हा त आमचा आबा!

काळा. कुरळे दाट केस कपाळावर आलेले,
उघडी छाती, खांद्यावर कुऱ्हाड,
मागं रान, पायाशी अगदी आमच्यासारखा नाला.
खाली ठळक टायपात :
त्या रानात एक राक्षस राहत होता.

'क्ष'पाशी ती अडली.
चौदा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
पोरीला जोडाक्षर येत नाही
म्हणून मला बरं वाटलं.

सगळे जमले. खरंच की, नाक बी तसंच!
कोणी चिडवत नव्हतं.
जंगू तर जळत होता,
त्याच्या घरचं कोणीच पुस्तकात नव्हतं.

बारा-तेरावर राजपुत्र घोड्यावरून भाला मारतो.
छपाई चांगली. लाल रंग छान उठलेला.
मी पुस्तक मिटलं,
आणि वीस मिनिटं आधीच घंटा दिली.

शनिवारी एक पुस्तक घरी न्यायचं, हा नियम माझाच.
दप्तर पाठीला, पुस्तक छातीशी,
अशी ती पोडाकडे पळाली.
रविवारभर मी धुतलेले कपडे परत धुतले.
तिच्या आबाला, लिंगू टेकामला, वाचता येत नाही.
पण चित्र येतं.
चित्र सगळ्यांनाच येतं.

सोमवारी पुस्तक परत आलं.
बारा आणि तेरा एकमेकांना चिकटलेली,
धावड्याच्या डिंकानं, कडेकडेनं, घाई न करता.
एका कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा,
पोरीच्या अंगठ्याहून मोठा. किंवा नसेलही.
आब्यानं केलं का गं?
तिनं मान हलवली.
ती हो होती की नाही, मला अजून कळलेलं नाही.

आता अकरावर तो उभा असतो कुऱ्हाड घेऊन
आणि पान उलटलं की एकदम चौदा :
गावजेवण, पंगती, दिवे, पत्रावळी.
अय्यू पंगतीतून बोट फिरवत त्याला शोधते.
वाढाले गेला असन, जंगू म्हणते.
लाकडं फोडाले, तौफिक म्हणतो, एवढ्यांचा सयपाक हाय.

मार्चात केंद्रप्रमुख पेटी मोजायला आले.
चाळीस, बरोबर.
हे काय? पानं चिकटली की हो.
वाफेवर धरा, सुटतील.
मी हो म्हणालो,
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
पुस्तक क्रमांक सतरा. सुस्थितीत.