हर्णैचा लिलाव

होड्या खोल उभ्या. बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी आणतात.
सुरमईच्या जोडीवर हलीमाबी: नऊशे.
पलीकडून पावसे: साडेनऊशे.
पुन्हा ती. पुन्हा तो.
आकडा दर फेरीला थोडाच चढतो,
पण चढूनच परततो.

फुटलेल्या ताऱ्याची लाटही अशीच.
एक प्रोटॉन तिच्या अल्याड-पल्याड,
विस्कटलेल्या चुंबकी जाळ्यांत ठेचकाळत;
दर ओलांडणीला चिमूटभर ऊर्जा,
शेकडो वर्षं,
जाळ्याला झेपेनासा होईतो.
मग सुटतो.

सतराशे एक वार. सतराशे दोन वार.

हलीमाबी बर्फात हात घालते.
तिच्या तळव्यातून आत्ता काहीतरी आरपार गेलं,
तसल्याच कुणाचा तरी चुरा,
खाली ओल्या वाळूत शिरला.
त्यावर कुणी बोली लावली नाही.