निळ्या ओळी

सक्करदरा चौकात माझं झेरॉक्सचं दुकान.
बाहेर पाटी: ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.
मे महिन्यात निकाल लागेपर्यंत गिऱ्हाईक नाही.
कूलरच्या वाळ्यावर पाणी मारायचं
आणि उरलेली दुपार
जगात कोण काय करत बसलंय ते पाहायचं.

सापडतं काहीही.
एका माणसानं वीस वर्षं
रस्त्यात पडलेल्या एकेकट्या हातमोज्यांचे फोटो काढलेत.
जोडी कधीच नाही.
कुठल्याशा बेटावर कॅमेरा लावून ठेवलाय चोवीस तास,
त्यात फक्त एक फाटक दिसतं.
मी अकरा मिनिटं पाहिलं. एक शेळी आली,
विचार केला तिनं,
परत गेली.
संत्र्याचं साल सूक्ष्मदर्शकाखाली: तेलाच्या गोल गोल विहिरी,
आणि आपण ते सोलून
कॉटन मार्केटच्या नालीत फेकतो.
एका बाईनं जुन्या घरांतल्या बटनांचे आवाज जमवलेत,
खट्, टक्, ठप्प.
गाठींचं एक पान आहे. दोनशे दहा गाठी.
त्यातली एक म्हणे फक्त सोडण्यासाठीच बांधतात.

रविवारी रात्री शटर अर्धं ओढून यादी करतो.
सात लिंका.
प्रत्येकीखाली आपली एक ओळ, जास्त नाही,
डब्यात काकडीसोबत
मिठाची पुडी ठेवावी तेवढीच.

चौदा जणांना जाते.
हेडाऊ अंगठा दाखवतो.
तो लग्नपत्रिकेलाही अंगठा दाखवतो, मयतीच्या निरोपालाही.
खोब्रागडे सर लिहितात, ‘वा!’
उघडलेलं नसतं. मला कळतं,
खरा ‘वा’ इतक्या लवकर येत नाही.
भाचा म्हणतो, मामा, कायले पाठवून राहिले हे?
कामाचं काय हाये यात?

कामाचं मी दिवसभर भरतोच की.
उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जात पडताळणी,
प्रत्येक रकान्यापुढे लाल चांदणी:
आवश्यक. आवश्यक. आवश्यक.
चांदणी नसलेलं
माझ्याकडे एवढं एकच पान आहे.

मागच्या महिन्यात एक आकडा चुकला.
बहिणीनं नंबर बदललेला, आठाच्या जागी मी तीन दाबला,
यादी गेली भलतीकडेच.
बुधवारी पहाटे उत्तर आलं. लिहिलेलं नाही, बोललेलं.
मागे कोंबडा, मागे भांडी:

‘मी छबूताई लांजेवार, पवनीवरून बोलून राहिली.
तुमी कोन, मले मालूम नाई.
पन ते फाटक पाहिलं.
सून बी पाहून राहिली, दोन दिवस झाले.
शेळी काई आली नाई भाऊ.
अन् ते गाठीवालं आमच्या इथं उघडत नाई.
परत पाठवा.’

तीनदा ऐकलं.
एक मुलगी आधार कार्डाच्या दोन प्रती मागत होती,
तिला म्हटलं, थांब जरा.

गाठींचं पान मी कागदावर छापलं, सहा पानं,
ट्यूबलाइटखाली एकेकाचे फोटो काढले,
आणि पवनीला पाठवले.
माफी मागायची राहूनच गेली.

त्या दुपारी पारा पंचेचाळीसवर.
रस्ता रिकामा, समोरचा रसवंतीवालासुद्धा झोपलेला.
मी फाटक उघडून बसलो, म्हणजे ते बेटावरचं.
हातात सुतळीचा तुकडा.
ती एक गाठ पाचव्या खेपेला जमली.
टोक ओढलं, सुटली.
परत बांधली.

संध्याकाळी छबूताईंचा फोटो आला.
कुडाची भिंत, तिच्यापुढे शेळी, करडी,
एका कानाला छिद्र,
गळ्यात दोरी, आणि दोरीला तीच गाठ.
‘फाटक नाई आमच्याकडं. पन हे येते.’

या रविवारच्या यादीत तो आठवा.
लिंक नव्हे, नुसता फोटो.
खाली एक ओळ लिहायची होती, सुचली नाही,
तसाच सोडला.

हेडाऊचा अंगठा आला.
मग बऱ्याच वेळानं,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा, शब्द:
‘कोनाची आहे?’